लाभ, दोन, तीन, चार

बेंबळीच्या एका मुलीचा परवा मोबाईलवर मेसेज आला. "ताई, पहिला बेस गिटार घ्यायचाय. अॅम्प्लिफायरसकट पंधरा हजारांत बसवायचंय. काय बघून घेऊ?" तिला माझा नंबर कुणी दिला हे काही तिनं लिहिलं नव्हतं. मी नेहमीसारखी मेडिकलच्या काउंटरमागे बसले होते. बाहेरून सोयाबीनची पोती लादलेले ट्रॅक्टर मार्केट यार्डाकडे चालले होते आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या केसांवर मळणीची धूळ होती. खोकल्याच्या बाटल्या पिशवीत घालता घालता मी विचार करत राहिले, हिला काय कळवावं. चार ओळींत सांगण्यासारखं आहे थोडंफार. पण माझा पहिला बेस ज्या हंगामात घेतला तो हंगाम चार ओळींत बसत नाही.

सोयाबीनचे हे दिवस आले की कळंबला दुसरा विषय नसतो. माल वाळला का, ओल किती, बस. अप्पा, म्हणजे माझे वडील, यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत. दाणा दाताखाली धरतात. टक्कन फुटला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. त्या वर्षी त्यांनी मला दाताखाली धरलं असतं तर मी टक्कन फुटले असते, इतकी मी कोरडी होते.

आई त्या वर्षी श्रावणात गेली. सकाळी अकराच्या सुमारास दूध तापायला ठेवून ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून खाली बसली, ती उठलीच नाही. मी घरी होते. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून आत गेले. आधी गॅस बंद केला, मग तिच्याकडे वळले. हा क्रम मला पुढे बरेच दिवस आठवत राहिला, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं. नुसता आठवायचा.

माती देऊन झाली, लिंगायतांच्या रीतीनं शिवगणाराधना झाली, पाहुणे आले तसे गेले. मी रडले नाही. मुद्दाम आवरून धरलं होतं असं नाही, आतून काही आलंच नाही. आईची धाकटी बहीण उमरग्याकडची. ती माझं डोकं मांडीवर दाबून कानडीत म्हणायची, "अत्तुबिडु मगळे, अत्तुबिडु." रडून घे पोरी, रडून घे. मी तिच्या पातळाच्या काठावरच्या कोयऱ्या मोजत पडायचे. दोन घरं पलीकडच्या काकू ओसरीवर हलक्या आवाजात म्हणाल्या, "लई कठीण काळजाची हाय बगा पोरगी." हलका आवाज काकूंना जमत नाही, त्यामुळे मला ऐकू आलं. ऐकून वाईटसुद्धा वाटलं नाही. काकूंचं बरोबर असेल, इतकंच वाटलं.

अप्पांचं निराळंच झालं होतं, आणि ते सांगायचं तर आधी आमच्या घरातलं मोजणं सांगायला हवं.

अप्पांचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे. शेतकऱ्यांचा माल आमच्या ओट्यावर उतरतो, काट्यावर चढतो आणि तिथंच त्याचा सौदा होतो. पोती मोजताना पहिल्या पोत्याला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. काही दुकानांत बरकत म्हणतात. आमच्यात लाभ, आणि तो शब्द दुकानाच्या मालकानं स्वतः मोठ्यानं म्हणायचा. दोनपासून पुढं हमाल मोजतात. हे वळण आमच्या घरातही होतं. आई डब्यातली ज्वारी मापानं काढताना लाभ म्हणायची, परातीतल्या भाकरी मोजताना लाभ म्हणायची, धुवायला टाकायच्या चादरींनासुद्धा लाभ म्हणायची. मी शाळेत पहिल्या दिवशी बाईंना मणी मोजून दाखवले ते लाभपासून. सगळा वर्ग हसला. एक नावाचा आकडा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

तर आई गेली त्या सकाळी दुकानात मुगाचा नवा माल आला होता. पहिलं पोतं काट्यावर चढलं, अप्पांनी खणखणीत आवाजात "लाभ" म्हटलं आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. फोन माझा होता.

त्यानंतर अप्पा तो शब्द म्हणाले नाहीत. महिन्याभरानं दुकान उघडलं. पोतं चढायचं, आकडा यायचा आणि अप्पा हातानं नुसती खूण करायचे. रहीमचाचा आमच्याकडचे सगळ्यांत जुने हमाल, माझ्या जन्माआधीपासूनचे. ते अवघडून गेले. मला मेडिकलमध्ये गाठून म्हणाले, "बेटा, मी बरकत बोलू का, त्यांच्या बदली? पन दुकान त्यांचं हाय. आवाज त्यांचाच पायजे. दसऱ्याला मुहूर्ताचं पोतं चढनार, तवा काय करायचं?" मी म्हटलं, बघू. माणसाला खरंच काही सुचत नाही तेव्हा तो बघू म्हणतो.

घरात आम्ही दोघंच. जेवायला समोरासमोर बसायचो, भाजीत मीठ कमी की जास्त हे दोघांनाही कळायचं नाही. ते सकाळी कपाळाला विभूती लावायचे, मी कामावर जायचे. भांडण नाही, चिडचिड नाही. मला भीती एकाच गोष्टीची होती आणि तीही दुसऱ्या कुणाची असल्यासारखी लांबून वाटायची. दसऱ्याला अप्पांच्या तोंडून तो शब्द आला नाही तर तो पुन्हा कधीच येणार नाही, आणि मग आमचं घर असंच राहील. भाजीची चव नसलेलं, उतू गेलेल्या दुधाच्या वासाचं.

बेस आला तो या सगळ्यात, भाद्रपदात.

आमच्या मेडिकलसमोरच्या गणपतीपुढं ऑर्केस्ट्रा होता. दुपारी त्यांची जुळवाजुळव चालू होती. मी चष्मा पुसत होते आणि एकदम मागच्या मांडणीवरच्या बाटल्या किणकिणल्या. मग काउंटरची काच थरथरली. मग माझी छाती. बरगड्यांच्या मधोमध आतून कुणीतरी तळहात ठेवल्यासारखं झालं. गाणं नव्हतं ते, सूरही धड कळत नव्हता, नुसता एक जाड आवाज जमिनीतून येत होता. दीड महिन्यात पहिल्यांदा मला कळलं की मला छाती आहे. आनंद नाही, दुःख नाही. आहे, एवढंच.

मी दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडला. बार्शीचे एक पन्नाशीचे गृहस्थ स्पीकरच्या खोक्यावर बसून भेळ खात होते आणि त्यांच्या मांडीवर चार जाड तारांचा लांबलचक गिटार आडवा होता.

"हा आवाज कशाचा?" मी विचारलं.

"ह्याचाच की. बेस म्हन्त्यात ह्याला. दुखतंय का कानाला?"

"नाही. मला घ्यायचाय."

त्यांनी भेळ खाली ठेवली. मी गंमत करत नाही हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. सरळ सांगायला लागले. "नवा चकचकीत बगू नका ताई. रंगाचे पैसे जात्यात. मान बगा. मान सरळ पायजे. डोळ्याम्होरं धरून बगायची, वाकडी असली तर ठिवून द्या. चार ताराच घ्या, पाच-सहाच्या नादी लागू नका. आन् अॅम्प्लिफायर बेसचाच घ्या. लोक काय करत्यात, सगळे पैसे गिटारात घालत्यात आन् साध्या गिटारचा स्वस्तातला डबा उचलत्यात. त्यो ह्यो आवाज पेलत न्हाय. फाटतो. त्यापरीस गिटार जुना घ्या, डबा चांगला घ्या."

हे सगळं मी औषधाच्या पुड्याच्या मागे लिहून घेतलं. तो पुडा अजून आहे.

त्या संध्याकाळी जेवताना अप्पांना सांगितलं. माझ्या पगारातले चौदा-पंधरा हजार साठले होते. बेस म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. "कुठं मिळतंय?" म्हणाले. लातूरला, म्हटलं. "मग चल उद्या," म्हणाले. मला वाटतं मी विहीर घ्यायचीय म्हटलं असतं तरी ते चल म्हणाले असते. नाही म्हणायला जेवढा जीव लागतो तेवढाही त्यांच्यात उरला नव्हता.

मुरूडमार्गे एसटीनं गेलो. खिडकीतून दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललेलं. एरवी अप्पा प्रत्येक शेताचा उतारा सांगत जातात, बसमधल्या अनोळखी माणसालाही सांगतात. त्या दिवशी ते समोरच्या सीटचा फाटका रेक्झिन बघत बसले. मीही तोच बघत बसले. लातूर कधी आलं कळलं नाही.

वाद्यांचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. मालक तरुण, बोलका. त्यानं भिंतीवरचा लालभडक बेस काढून माझ्या हातात दिला. छान दिसत होता. किंमत ऐकून कळलं की हा घेतला तर अॅम्प्लिफायरच्या जागी टाळ घ्यावे लागतील. त्याखालचा एक होता, तो हलका होता आणि त्याच्या खुंट्या फिरवल्या की कुरकुरायच्या. मी मुकाट्यानं एक खाली ठेवत होते, दुसरा उचलत होते. त्यात मला निवडता येण्यासारखं काही नव्हतं. निवडायला काहीतरी आवडावं लागतं.

आणि इतका वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले अप्पा बोलले.

"वरचा माल न्हाय. खालचा दाखवा."

"म्हणजे काय काका?"

"पोत्याच्या तोंडाला सगळेच चांगला माल ठिवत्यात. खालचा काढा. मागं काय टाकलंय तुमी?"

मालक हसला, पण आत जाऊन खरंच एक बेस घेऊन आला. काळपट, धुळीनं माखलेला, खांद्यापाशी एक टवका उडालेला. पुण्याला नोकरी लागलेल्या कुणीतरी परत आणून दिला होता. अप्पांनी तो माझ्या आधी हातात घेतला, पंचाच्या टोकानं पुसला आणि जुन्या काट्याची दांडी बघतात तसा डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, मानेवरून थेट नजर टाकली. मी त्यांना मानेबद्दल काही सांगितलं नव्हतं.

"सरळ हाय," ते म्हणाले. "एका तारंला गंज हाय. ती बदलून द्या."

मग अॅम्प्लिफायर. एक स्वस्त, चकाकणारा, पुष्कळ बटणांचा, गिटारचा. दुसरा बेसचा, ठोकळ्यासारखा काळा, तीन-चार बटणं, वीस वॅटचा. अप्पांनी दोन्ही एकेका हातानं उचलून बघितले. दुसऱ्याला त्यांचा खांदा खाली गेला. "ह्यात माल हाय," म्हणाले. बार्शीच्या गृहस्थांचा सल्ला आणि अप्पांचा खांदा एकाच डब्यावर येऊन थांबले. जुना बेस, तो काळा डबा, वायर आणि खांद्याचा पट्टा असं सगळं माझ्या पैशांत बसलं. महिन्या-दोन महिन्यांत मी अप्पांना पहिल्यांदाच असं बघत होते. ओठावर ओठ दाबलेले, डोळे बारीक, धंद्यावरचे अप्पा. मला वाटलं, आता बरं होतंय.

मालकानं वायर जोडली. "घ्या ताई, वाजवून बघा. चार मोजा आन् सगळ्यात जाड तार सोडा."

आणि मी मोजलं. "लाभ, दोन, तीन, चार."

तार वाजली. दुकानातले टांगलेले सगळे गिटार हलक्या आवाजात घुमले. मालकाला काहीच कळलं नाही, तो म्हणाला, "वा." अप्पा उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि जिना उतरून गेले.

सगळे पैसे देऊन खाली आले तेव्हा ते पानपट्टीच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून उभे होते. माझ्याकडे वळले, हातातला डबा घेतला आणि स्टँडकडे चालू लागले. येताना एसटीत डबा त्यांच्या दोन पायांत, बेस माझ्या मांडीवर. मला माझ्या जिभेचा राग यायला हवा होता. निदान लाज. काही आलं नाही. मी पुन्हा तो फाटका रेक्झिन शोधला, पण ही गाडी दुसरी होती.

पुढचे दिवस मी मोबाईलवर बघून शिकत होते. त्यातले सगळे शिक्षक मोजून सुरू करायला सांगतात. अप्पा घरात असले की मी एक, दोन, तीन, चार मोजायचे आणि दर वेळी हात उशिरा पडायचा. इतक्या वर्षांची सवय बोटांना बदलता येत नव्हती. मनातल्या मनात लाभ म्हटलं की तार बरोबर जागेवर वाजायची. म्हणून मग अप्पा दुपारी जेवायला घरी आले की मी बेस घेऊन दुकानात जायचे. तिथं पोत्यांच्या आडोशाला डबा ठेवायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, लाभ. तिथं तो म्हटलेला चालायचा. रहीमचाचा पोत्याला पाठ टेकून डोळे मिटून बसायचे. "गाना कुटला हाय ह्यो?" एकदा त्यांनी विचारलं. गाणं नाही चाचा, म्हटलं, नुसतं मोजणं आहे. बोटांची टोकं आधी हुळहुळली, मग सोलली, मग जाड आणि बधिर झाली. निदान तिथला बधिरपणा मी स्वतः कमावला होता.

बेंबळीच्या मुलीला मी काल लिहून टाकलं. मान सरळ बघ. जुना चालेल. चार तारा पुरेत. अॅम्प्लिफायर बेसचाच घे, छोटा असला तरी. वायर आणि पट्ट्याचे पैसे आधी बाजूला काढ, ते सगळेच विसरतात. जाताना घरातलं एक मोठं माणूस बरोबर ने. तिनं उत्तर पाठवलं, "घरच्यांना कशाला ताई, त्यांना काय कळतंय."

त्या वर्षीचा दसरा मला मिनिटामिनिटानं आठवतो, आणि त्याआधीच्या दोन महिन्यांतलं मात्र फार थोडं. आमच्याकडे दसऱ्याला दुकानातल्या हत्यारांची पूजा होते. काटा धुतला होता. हमालांचे हूक, पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी, सुतळी, दाभण, सगळं पाटावर मांडलं होतं. झेंडूची फुलं आईशिवाय आणली होती, त्यामुळे फार जास्त आणली गेली होती. तीन शेतकरी नवं सोयाबीन घेऊन ओट्यावर बसले होते. अप्पा गंध लावत होते. लावता लावता थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गौरे, तुझं ते हत्यार कुठाय?"

मी आतून बेस आणला. त्यांनी तो काट्याशेजारी उभा केला, टवका उडालेल्या जागी गंध लावलं, मानेला झेंडू अडकवला. काळ्या डब्यावर हळदकुंकू वाहिलं.

"पूजा केली की हत्यार चालवाय लागतंय," अप्पा म्हणाले. "वाजव एकदा."

मी डबा ओट्यावर काट्याला लागूनच ठेवला, वायर जोडली. तोंड घट्ट मिटलं. मोजलं नाही. जाड तार सोडली. आवाज ओट्यातून गेला आणि काट्याचे लाल आकडे हलले. काटा रिकामा होता. शून्यावरून पन्नास ग्रॅम, शंभर ग्रॅम, परत पन्नास. तार शांत होत गेली तसा आकडा शून्यावर आला.

एका शेतकऱ्यानं पुढं होऊन काट्याखाली वाकून बघितलं. "कंपनानं हलतोय त्यो," असं काहीतरी पुटपुटला. बरोबरच होतं त्याचं. मलाही ते ठाऊक होतं, अप्पांना तर माझ्याहून जास्त. काट्याजवळून ट्रक गेला तरी आकडा हलतो. तरी अप्पा त्या रिकाम्या काट्याकडे बघत उभे होते, आणि मी पाहिलं की त्यांचा हात छातीवर आहे. गणपतीत माझ्या छातीत जिथं तो तळहात आला होता, अगदी तिथं.

"परत," ते म्हणाले.

मी बोट तारेवर ठेवलं. रहीमचाचांनी मुहूर्ताचं पोतं उचलून काट्यावर ठेवलं आणि ते मागं सरले. मी अप्पांकडे बघत थांबले. या वेळी न मोजता मला वाजवायचं नव्हतं.

अप्पांचे ओठ दोनदा उघडून मिटले. मग आवाज आला. खणखणीत नव्हता, चिरका होता.

"लाभ."

तार सोडायची तर पुढचं मी म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि सोयाबीनची धूळ, झेंडू, काट्यावरचे लाल आकडे सगळं पाण्यात गेलं. मला दोन म्हणता आलं नाही. माझ्या छातीतून जो आवाज निघाला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"दोन," रहीमचाचांनी म्हटलं.